म्हशीचं पोट दिसल्यावर तीन दिवस

अप्पा, इथे अजून बर्फ उतरलेला नाही. जेठ लागून आठवडा झाला. आपल्याकडे आता काळी जमीन तापून भेगाळली असेल, भेगेत हात जाईल एवढी, आणि इथे मी दोन स्वेटर आणि वर शाल घालून चुलीजवळ बसले आहे. तुम्हाला आधी बर्फ समजावून सांगायला हवा. तुम्ही तो आयुष्यात एकदाच पाहिलात, बिदरला, कुठल्याशा जहागीरदाराच्या लग्नासाठी हैदराबादहून लाकडाच्या भुशात गुंडाळून आणलेला. घरी येऊन मायला म्हणालात, "पाणी दगड झालंय. अन् त्या दगडाला घाम यायलाय." माय दोन दिवस ते आठवून हसत होती, भाकरी थापता थापता मध्येच हात थांबवून हसायची. तर तसला दगड इथे डोंगरच्या डोंगर पसरून पडला आहे. तो वितळला की पलीकडच्या खोऱ्यात जायची खिंड मोकळी होते. दरवर्षी या दिवसांत होते म्हणतात, यंदा झालेली नाही. आम्ही आठ दिवस तिची वाट बघतो आहोत आणि मी थकले आहे. चालून नव्हे, बसून.

आम्ही म्हणजे मी, माझी नात आणि तिच्या कॉलेजातली चार मुलं. बासष्टाव्या वर्षी ही डोंगर चढायला कशाला निघाली, असं तुम्ही विचाराल. शाळेच्या नोकरीतून मोकळी झाले तेव्हापासून मला चालायचं वेड लागलं आहे. सोलापुरात डोंगर कुठले, पण रेल्वेने जाऊन जाऊन मी सह्याद्रीतले बरेच किल्ले पायांखाली घातले. नातीला शब्द दिला होता की तुझी परीक्षा झाली की हिमालयात जाऊ. दुरून डोंगर साजरे ही म्हण मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून मुलांकडून घोकून घेतली. तिचा अर्थ मला इथे येऊन कळला. ही मुलं सकाळी उठली की तोंड धुवायच्या आधी बाहेर जाऊन खिंडीकडे बघतात. पिशव्या भरतात, दुपारी सोडतात, संध्याकाळी पुन्हा भरतात. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग, तशी गत. एक जण तर बूट घालूनच झोपतो. त्यांची सुट्टी संपत आली आहे, परतीची तिकिटं काढून ठेवली आहेत, आणि उन्हाळा यायचं नाव घेत नाही. उन्हाळ्याची इतकी वाट बघणारी माणसं मी आपल्या मुलखात कधी पाहिली नव्हती.

आमच्याबरोबर इथल्याच गावचा एक वाटाड्या आहे. पंचेचाळिशीचा असेल, फार बोलत नाही. रोज सकाळी तो एकटा वर जातो, लांब काठी बर्फात खुपसून बघतो, खाली येतो आणि चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून म्हणतो, "अभी नहीं." मुलं विचारतात, मग कधी? तो म्हणतो, "जब होगा तब." पहिल्या दिवशी मी त्याला काठी खुपसताना पाहिलं आणि मला इतक्या वर्षांनी तुमची पाठ दिसली. धोतराचा काचा मारून, वेळूची काठी घेऊन मांजरेच्या पाण्यात वाकलेली.

तुमचा तो धंदा नव्हता. तुम्ही शेतकरी. भोपळे बांधलेली सांगड कोळ्यांची, भर पावसाळ्यात अडल्यानडल्याला तेच पैलथडीला नेत. पण नदीला जिथे उतार होता तिथेच आपलं शेत लागून, म्हणून पावसाळा सरला की पात्रात पहिला पाय आपल्या घरचा पडायचा, ही रीत तुमच्या आजोबांच्याही आधीची. पात्राच्या मधोमध तो काळा दगड होता, त्याला सगळे म्हैस म्हणायचे. म्हशीची पाठ दिसली की पाणी छातीएवढं. पोट दिसलं की मांडीएवढं. आणि पोट दिसल्यावर पुन्हा तीन दिवस थांबायचं, कारण पुराने आणलेला गाळ पाणी उतरलं म्हणून लगेच बसत नाही. वरून रेव दिसते आणि खाली नुसती खीर असते. हे मधले दिवस फार वाईट. सांगडीला पाणी पुरत नाही, ती जागीच फसते, आणि पायाला तळ लागत नाही. तीन दिवस झाले की तुम्ही नदीला नारळ वाहून उतरायचात, पावलापावलाला काठीने चाचपत पलीकडे जाऊन परत यायचात आणि वाटेच्या दोन्ही अंगांना कडुनिंबाच्या फांद्या रोवायचात. त्या फांद्या दिसल्याशिवाय दोन्ही थड्यांवरचं एक माणूस पाण्यात पाय घालत नसे. निजामाच्या कचेरीतले लोकसुद्धा घोड्यावरून उतरून बाभळीखाली तुमची वाट बघत बसायचे, आणि तुम्ही त्यांना पान खायला द्यायचात.

मी सात-आठ वर्षांची असताना एका माणसाने ऐकलं नव्हतं. औरादचा बाजार चुकेल म्हणून त्याने पोट दिसल्याच्या दुसऱ्याच दिवशी गाडी घातली. बैल गळ्यापर्यंत गेले. तो जू सोडवायला खाली उतरला आणि वर आलाच नाही. तुम्ही काठावरून दोर टाकत होतात, हाका मारत होतात. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. हे सगळं मी आपल्या शेताच्या बांधावर उभी राहून पाहिलं आहे. म्हणजे मला कळत नव्हतं असं मला म्हणता यायचं नाही.

लग्न झालं आणि मी पैलथडीची झाले. औरादच्या बाजूला, नदीपासून कोसभर आत सासर. चौदाव्या वर्षी गेले. सतराव्या वर्षी ते सगळं झालं. त्या वर्षी पाऊस हटायला तयार नव्हता. हस्त गेला, चित्रा गेली, स्वाती लागली तरी दुपार झाली की आभाळ भरून यायचं. म्हशीची पाठ एक दिवस दिसायची आणि दुसऱ्या दिवशी बुडायची. दोन्ही थड्यांवर गाड्या लागलेल्या, मुगा-उडदाची पोती ओलीने वास मारायला लागलेली, बांगड्या विकणारे, दिवाळीला माहेरी निघालेल्या पोरी, सगळे तुमच्या नावाने चडफडत होते. "तुझ्या बापानं नदी बांधून ठिवलीय व्हय गं?" असं माझा थोरला दीर रोज विचारायचा. मी पदराआड हसायचे. मला त्याचा अभिमान वाटायचा, खरं सांगते. एवढी गाड्याघोड्यांची माणसं, आणि माझ्या अप्पांनी फांदी रोवल्याशिवाय जागची हलत नाहीत.

मग निरोप आला. त्या दिवसांत निरोप नदीवरून हाका मारून यायचे. आमच्या गुराख्याने ऐकला आणि संध्याकाळी सासूला येऊन सांगितलं, "सुनेच्या मायला ताप यायलाय म्हणं. आठ दिस झाले. खटकचिंचोळीहून वैद आणलाय." वैद्याला खटकचिंचोळीहून आणलं म्हणजे साधा ताप नाही, एवढं मला कळलं. वळसा घालून पुलावरून जायचं तर गाडीने चार दिवस, आणि त्या वाटेवरचे ओढेही असेच फुगलेले. मी रात्री स्वयंपाक केला, वाढलं, आणि स्वतः जेवले नाही. पाणी तेवढं लवकर उतरू दे म्हणून मी गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून बसले. आणि ते उतरलं. तिसऱ्या दिवशी पाऊस थांबला, चौथ्या दिवशी सकाळी गुराखी सांगत आला की म्हशीचं पोट दिसायलंय.

माझी सासू काही मायाळू बाई नव्हती, पण त्या सकाळी ती स्वतः माझ्याबरोबर थडीवर आली. बाभळीखाली बसून म्हणाली, "जा, इचार तुझ्या बापाला." तुम्ही पलीकडे उभे होतात. तुमच्या मागे गाड्या, माणसं, कोणी तुमच्याशी हुज्जत घालत होतं. पात्र आवळून आलं होतं, हाक सहज पोचत होती. मी ओरडले, "अप्पा, माय कशी हाय?" तुम्ही लगेच उत्तर दिलंत. "बरी हाय. ताप उतरायलाय." मी म्हटलं, "मी येऊ का? पाणी तर मांडीएवढं बी न्हाई." तुम्ही म्हणालात, "पाण्याला काय बघायलीस, अव्वा? खाली गाळ हाय. तीन दिस थांब." तुम्ही मला अव्वा म्हणायचात, कन्नडात आईला म्हणतात तसं, लेकीला लाडाने. मी म्हटलं, "मग तुम्ही या न्यायला. तुम्हाला तर वाट ठावी हाय." तुम्ही मागच्या माणसांकडे बोट केलंत. "म्या पाय घातला की ही समदी उतरतील. त्यांला कोण आवरंल?" मला ते पटलं नाही. मी पुन्हा ओरडले, "माय काय म्हणायलीय? खरं सांगा."

तुम्ही जरा थांबलात. मग म्हणालात, "काल चुलीपाशी बसली व्हती. तुझ्यासाठी शेंगाची चटणी कुटायलीय. कडक भाकरी करून ठिवीन म्हणायली. जा आता घरला." एवढं बोलून तुम्ही पाठ फिरवलीत आणि त्या माणसांकडे गेलात. माझ्या जिवावरचं ओझं उतरलं. मायला चटणी कुटताना मी डोळ्यांपुढे बघत होते, ती उखळाशी एक पाय लांब करून बसायची, लसूण टाकला की तोंड बाजूला करायची. त्या दिवशी घरी येऊन मी पोटभर जेवले. पुढचे दोन दिवसही जेवले. अप्पा, मला नंतर सगळ्यांत जास्त कशाचं वाईट वाटलं असेल तर त्या जेवणाचं.

तीन दिवस भरल्यावर, चौथ्या सकाळी तुम्ही फांद्या रोवल्यात. लोक उतरायला लागायच्या आधी तुम्ही स्वतः माझ्या थडीला आलात, माझं गाठोडं खांद्यावर घेतलंत आणि माझा हात धरलात. तुमच्या कपाळावर नेहमीपेक्षा जास्त विभूती होती. माझ्या पायांकडे तुम्ही बराच वेळ बघितलंत. डाव्या पायात जोडवं नव्हतं. सासूला मी सांगितलं होतं की शेताच्या वाटेवर कुठेतरी पडलं. तुम्ही काठी पुढे टाकलीत आणि मला पाण्यात घेतलंत. पात्राच्या मधे, म्हशीजवळ आल्यावर मी विचारलं, "माय उठून बसली का?" तुम्ही म्हणालात, "बघून पाय टाक." मी पुन्हा विचारलं. तुम्ही पुन्हा तेच, या खेपेला दरडावून. "बघून पाय टाक म्हणलं ना." आयुष्यात तुम्ही मला एवढ्याच खेपेला दरडावलंत.

थडीला लागल्यावर, माझे दोन्ही पाय कोरड्या जमिनीवर आल्यावर तुम्ही सांगितलंत. माय आदल्या दिवशी दुपारी गेली होती. आपल्या लोकांत जाळत नाहीत, बसवून पुरतात. तिला तुम्ही शेताच्या कडेला, चिंचेखाली बसवून माती दिली होती. माती अजून ओली होती आणि तिच्यावर बेलाची पानं. काकूने सांगितलं की तिला दहा-बारा दिवस चुलीकडे मान वळवायचीसुद्धा ताकद नव्हती. ज्या सकाळी मी ओरडून विचारलं त्या सकाळी ती माणसं ओळखत नव्हती. फक्त मधूनमधून पाणी उतरलं का, एवढं विचारायची. मी घरात गेले आणि उखळ बघितलं. कोरडं होतं, कोपऱ्यात कोळ्याने जाळं केलेलं. मी बाहेर येऊन तुम्हाला म्हटलं, "तुम्ही मला फसवलं." सगळ्या माणसांदेखत म्हटलं. तुम्ही ओसरीच्या खांबाला टेकून बसला होतात, मान खाली. "व्हय," एवढंच म्हणालात.

त्यानंतर नऊ वर्षं तुम्ही होतात, आणि या नऊ वर्षांत मी तुमच्याशी लागेल तेवढंच बोलले. पंचमीला आले, दिवाळीला आले, माझं बाळंतपण काकूने तुमच्याच घरात केलं. तुम्ही नातवाला मांडीवर घेऊन उन्हात बसायचात आणि मी पाण्याचा तांब्या तुमच्यापुढे ठेवून न बोलता आत जायचे. राग धरायला कष्ट पडत नाहीत असं लोकांना वाटतं. मी फार दमले त्याने. दर वर्षी वाटायचं, यंदा बोलू, आणि ते उखळ दिसलं की जीभ आत जायची. त्या वर्षी गाळ खरंच बसला नव्हता का, हाही प्रश्न मी सगळ्यांपुढे काढायचे. "बसला असंल पहिल्याच दिशी, कोणी बघितलंय?" असं मी म्हणायचे. तुम्ही त्यावर कधी वाद घातला नाहीत. खरंच कोणी बघितलं नव्हतं, त्या तीन दिवसांत एकाही माणसाने तुमचं मोडून पाय घातला नव्हता, निदान सगळे तसंच समजत होते.

मग ह्यांना सोलापुरात काम मिळालं आणि आम्ही तिकडे गेलो. तिथे मी शिकले, पुढे मास्तरीण झाले. मी शिकते आहे, एवढं तुम्हाला ऐकून माहीत होतं. एकदा गावाकडचा एक जण बाजाराला म्हणून सोलापूरला आला आणि त्याने फडक्यात गुंडाळलेली पुरचुंडी दिली. आत चांदीचं जोडवं होतं. एकच. मी विचारलं, निरोप काय? तो म्हणाला, "निरोप न्हाई. निस्तं दे म्हणले." शेजारणी हसल्या. एक जोडवं कोण देतं, सोनाराने दुसरं ढापलं की काय, म्हणाल्या. मीही त्यांच्याबरोबर हसले आणि ते डब्यात टाकून दिलं. त्याच्या पुढच्या वर्षी निजामाच्या राज्यात ती मारझोडीची धामधूम सुरू झाली, आपल्या मुलखात जायच्या वाटा बंद झाल्या, माणसं रातोरात इकडे पळून यायला लागली. त्या गडबडीत तुम्ही गेलात. मला सव्वा महिन्याने कळलं. त्या खेपेला मधे नदी नव्हती, पण मी पुन्हा अलीकडेच थांबले होते.

आता इथलं सांगते, म्हणजे हे सगळं मी आज का लिहीत बसले ते कळेल. परवा सकाळी मुलांचा धीर सुटला. त्यांनी ठरवलं की वाटाड्याला न घेता आपलं आपण जायचं. "बर्फ एवढा घट्ट आहे, आजी, वरून ट्रक जाईल," असं तो बूट घालून झोपणारा मुलगा म्हणाला. थांबला तो संपला, असंही कोणीतरी म्हणालं. वाटाड्याने हात वर केले, तो काय बांधून ठेवणार? मी कोणाला न सांगता काठी घेऊन खिंडीच्या पायथ्यापर्यंत जाऊन आले. तिथे एक ओढा उतरतो, सध्या तो दिसत नाही, वर बर्फाचं छत झालं आहे आणि वाट त्याच्यावरूनच जाते. वरून अगदी घट्ट. मी काठावर गुडघे टेकून कान लावला. आत पाणी धावत होतं, चांगलं मोठ्याने. काठी हातभर खुपसली आणि मग ती एकदम मोकळी झाली, खाली काही नव्हतंच. वरून रेव आणि खाली खीर, अप्पा. मला तुमचा वेळू आठवला आणि मी आल्या पावली मागे फिरले.

परत येऊन मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चांगली मुलं आहेत, पण म्हातारं माणूस घाबरतंच, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. नातही म्हणाली, "आजी, आम्ही एकेक जण जाऊ, हलक्या पावलांनी. तू इथे थांब, नाहीतर हळूहळू ये." ती पट्टे आवळत होती. माझ्या लेकाची एकुलती एक मुलगी. मी उंबऱ्यावरून खाली उतरले आणि तिथेच बसले. म्हटलं, गुडघा गेला. कसा गेला, केव्हा गेला, ते माझं मलाच ठाऊक नव्हतं, मी विव्हळलेसुद्धा. नातीने पिशवी खाली टाकली. मला एकटीला टाकून ती जाणार नाही हे मला माहीत होतं, आणि ती नाही गेली तर बाकीचेही जाणार नाहीत. तिने गरम पाण्याचा शेक दिला, पट्टी बांधली. विचारलं, "किती दिवस लागतील गं?" माझ्या तोंडून निघालं, तीन दिवस.

ते तोंडातून बाहेर पडलं तेव्हा मला तुमचं चटणीचं बोलणं आठवलं. लेकीला काय खोटं सांगायचं, ते ठरवून तुम्ही त्या थडीवर आला नव्हतात. मी ओरडून विचारलं, तुम्ही जरा थांबलात, आणि जे तोंडात आलं ते बोललात. माय मरायला टेकली आहे असं सांगितलं असतं तर मी त्या पाण्यात उडी घेतली असती. हे मला इतकी वर्षं समजत नव्हतं असं नाही. पण समजणं वेगळं. परवापासून मी इथे पट्टी बांधून बसले आहे आणि मुलं माझ्याशी कमी बोलतात. तिकिटं रद्द करावी लागली. काल संध्याकाळी त्यांच्यातला एक जण दुसऱ्याला हळूच म्हणाला, म्हातारीला आणायलाच नको होतं. मला ऐकू आलं. नातीलाही ऐकू आलं आणि तिने त्याला गप्प केलं नाही. उद्या तीन दिवस भरतील. वाटाड्या म्हणतो, आता ऊन पडतंय, दोन-चार दिवसांत छत कोसळेल आणि ओढा उघडा पडेल, मग दगडांवरून जाता येईल. ते पार होतील आणि आयुष्यभर सांगतील की आजीच्या गुडघ्यापायी आमचे तीन दिवस वाया गेले. परवा ते छत कदाचित टिकलंही असतं. ते आता कोणालाच कळायचं नाही. मी नातीला खरं सांगणार नाही. तुम्हीही त्या "व्हय"च्या पुढे काही बोलला नव्हतात.

नात ओल्या बुटांत कोंबायला कागद मागते आहे. जुनी वर्तमानपत्रं संपली. हे कागद काही कुठे पाठवायचे नाहीत, तेव्हा थोड्या वेळाने हेच देईन. तिला माझं अक्षर वाचायचा कंटाळा आहे. त्याआधी एक राहिलं आहे ते लिहिते, कारण ते मी कोणालाच सांगितलेलं नाही, ह्यांनाही नाही.

त्या सकाळी तुम्ही पाठ फिरवून त्या माणसांकडे गेलात, सासू बाभळीखाली डोळे मिटून बसली होती, तेव्हा मी पाण्यात पाय घातला होता. डावा. एकच पाऊल. वरून स्वच्छ रेव दिसत होती. पाय पोटरीपर्यंत गेला आणि खाली जातच राहिला. मी बाभळीचं उघडं पडलेलं मूळ धरलं आणि दोन्ही हातांनी ओढून तो बाहेर काढला. जोडवं आतच राहिलं. तुमचं बरोबर होतं हे मला त्याच क्षणी कळलं होतं, अप्पा, आणि चौथ्या सकाळी माझा पाय बघून तुम्हालाही कळलं की मला ते ठाऊक आहे. तरी चारचौघांत मी गाळाबद्दल तसं बोलायचे आणि तुम्ही गप्प बसायचात. मायवर रागवता येत नव्हतं, नदीवर रागावून काय उपयोग. कोणावर तरी रागवायला हवं होतं, आणि तुम्हीच उरला होतात.